टर्बो बसवावा की आहे तेच इंजिन सुधारावं? पेट्रोल गाडीची ताकद वाढवण्याआधी

गाडीचा पिकअप वाढवायचा असं चारचौघांत बोललात की दोन टोकांचे सल्ले लगेच मिळतात. एक जण म्हणतो, 'टर्बो लाव, बाकी सगळं फुकट आहे.' दुसरा म्हणतो, 'फिल्टर, हेडर आणि रीमॅप कर, गाडी उडेल.' (हेडर म्हणजे सिलिंडरमधला जळका वायू बाहेर नेणाऱ्या नळ्या, रीमॅप म्हणजे इंजिनाच्या संगणकातल्या सेटिंग्ज बदलणं.) दोघांनीही तुमची गाडी पाहिलेली नसते. माझ्या पंधराशे सीसीच्या साध्या पेट्रोल सेडानसाठी मी पुण्यातली बरीच गॅरेजं पालथी घातली. नंतर मित्रांच्या टर्बो गाड्यांचं कामही जवळून पाहिलं. त्यातून जे समजलं ते, ज्या क्रमानं तुम्हाला लागेल त्या क्रमानं, इथे मांडतो आहे.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना ते पारखून घेता येईल. गाडी कारखान्यातून टर्बो घेऊन आली असेल तर टर्बोच्याच वाटेनं पुढे जा. साधं इंजिन घेऊन आली असेल तर त्याला नंतर टर्बो जोडू नका. ते इंजिन नीट करा, नाहीतर गाडी बदला.

१. आधी हवेचा हिशोब समजून घ्या

एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ ग्रॅम हवा लागते. पेट्रोल हवं तितकं फवारता येतं, अडतं ते हवेपाशी. म्हणजे इंजिनाची ताकद वाढवायची तर सिलिंडरमध्ये हवा जास्त कोंबायची, किंवा तीच हवा मिनिटाला जास्त वेळा आत घ्यायची.

साध्या इंजिनात, ज्याला ट्यूनर, म्हणजे इंजिनात असे बदल करून देणारी मंडळी 'एनए' म्हणतात, पिस्टन खाली जातो आणि बाहेरच्या वातावरणाचा दाब हवा आत ढकलतो. तिथे फार तर हवेची वाट मोकळी करता येते, कॅमशाफ्ट बदलून व्हॉल्व्ह जास्त वेळ उघडे ठेवता येतात आणि आरपीएम वाढवता येतो. टर्बो सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम वायूवर फिरतो आणि हवा दाबून आत पाठवतो. सुपरचार्जर तेच काम क्रँकवरून घेतलेल्या पट्ट्यानं करतो. त्यामुळे प्रतिसाद लगेच मिळतो, पण इंजिनाची थोडी ताकद त्या पट्ट्यातच जाते. आपल्याकडच्या रोजच्या गाड्यांवर सुपरचार्जर बसवून तो नीट ट्यून केलेले हात फार कमी आहेत, म्हणून या लेखात तो मी बाजूला ठेवतो.

आकड्यांत फरक बघा. होंडा सिटीचं १४९८ सीसीचं साधं इंजिन १२१ पीएस (ताकदीचं एकक) देतं, पण ६६०० आरपीएमला. त्याचा टॉर्क, म्हणजे ओढ, १४५ न्यूटन-मीटर, तोही ४३०० ला. फोक्सवॅगन व्हर्टस किंवा स्कोडा स्लाव्हियाचं ९९९ सीसीचं टर्बो इंजिन ११५ पीएसचंच आहे, पण १७८ न्यूटन-मीटर टॉर्क १७५० पासून ४५०० पर्यंत जवळपास सपाट मिळतो. कागदावर पीएस सारखेच. खंबाटकीत तिसऱ्या गिअरमध्ये ट्रकच्या मागे अडकल्यावर मात्र या दोन गाड्या पूर्ण वेगळ्या वागतात. सिटीला गिअर खाली टाकून आरपीएम चढवावा लागतो, टर्बो गाडी आहे त्या गिअरमध्ये ओढते.

उंचीचाही परिणाम असतो. महाबळेश्वर सुमारे १३५० मीटरवर आहे, तिथे हवेची घनता समुद्रसपाटीपेक्षा जवळपास १२ टक्के कमी. साध्या इंजिनाची ताकद जवळपास त्याच प्रमाणात उतरते. पसरणी घाट चढताना भरलेली गाडी मंदावते त्यात वजन आणि चढ आहेच, पण हेही एक कारण आहे. टर्बो थोडा जास्त वेगानं फिरून ती कमतरता बऱ्याच अंशी भरून काढतो. उन्हाचंही तसंच. २५ अंशांची हवा ४५ अंशांवर गेली की घनता ६ टक्क्यांनी उतरते. मात्र नागपूरच्या मे महिन्यात टर्बोलाही त्रास होतो, कारण हवा दाबली की ती आणखी तापते. इंटरकूलर त्यासाठीच असतो.

२. कुठे कमी पडतं ते लिहून काढा

'जास्त पॉवर हवी' एवढं पुरेसं नाही. आठवडाभर गाडी चालवताना कुठल्या क्षणी ती अपुरी वाटली ते टिपा. कुठला गिअर होता, किती आरपीएम होता, गाडीत किती माणसं होती?

नोंदी १५०० ते ३००० आरपीएमच्या असतील, तर तुम्हाला टॉर्क हवा आहे आणि साध्या इंजिनावरचा कुठलाही खर्च तो फारसा देणार नाही. नोंदी ४५०० च्या वरच्या असतील, इंजिन वर फिरवायला तुम्हाला आवडत असेल, तर एनएची वाट तुमची आहे. आणि खालच्या गिअरला यायचा कंटाळा हेच कारण निघालं, तर एक पैसाही खर्च न करता निम्मा प्रश्न सुटतो.

३. कॉम्प्रेशन रेशो शोधा. निर्णय बहुतेक इथेच होतो

गाडीच्या मॅन्युअलमध्ये किंवा कंपनीच्या तांत्रिक पत्रकात कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे पिस्टन सिलिंडरमधलं मिश्रण किती पट दाबतो ते, दिलेलं असतं. आजची साधी पेट्रोल इंजिनं १० ते १२ च्या आसपास असतात. एवढ्या दाबावर आधीच काठावर चालणाऱ्या इंजिनात टर्बोनं आणखी हवा भरली, की ठिणगी पडल्यानंतर उरलेलं मिश्रण ज्योत पोचण्याआधी स्वतःच पेटतं. यालाच नॉकिंग म्हणतात. आवाज टकटक असा येतो, कधी येतही नाही. त्या धक्क्यांनी पिस्टनच्या रिंगांमधला भाग तुटतो, हेड गॅस्केट उडतं.

हा प्रश्न टर्बो गाड्यांइतकाच जुना आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर ही गाडी आली, कारखान्यातून टर्बो लावून विकल्या गेलेल्या पहिल्या गाड्यांपैकी एक. कॉम्प्रेशन होतं १०.२५. नॉकिंग थांबवण्यासाठी पाणी आणि मिथेनॉलचं मिश्रण इंजिनात फवारलं जायचं आणि त्याची टाकी मालकानं भरत राहायची. अनेकांनी ती भरलीच नाही. शेवटी टर्बो काढून साधा कार्ब्युरेटर बसवून द्यायची सोय कंपनीला करावी लागली. मोठ्या कंपनीच्या अभियंत्यांना जी जोडणी रोजच्या वापरात टिकवता आली नाही, ती गल्लीतल्या गॅरेजमध्ये टिकेल अशी अपेक्षा ठेवू नका.

साध्या इंजिनाला टर्बो जोडायचा म्हणजे काय काय लागतं, ही यादी ट्यूनर पहिल्या भेटीत पूर्ण सांगत नाही. टर्बो आणि त्याचा मॅनिफोल्ड, ऑइल येण्या-जाण्याच्या नळ्या, इंटरकूलर आणि त्याचे पाइप, मोठे इंजेक्टर, जास्त दाबाचा पेट्रोल पंप, नवा किंवा पूर्ण उघडता येणारा ईसीयू (इंजिनाचा संगणक), जाड क्लचप्लेट, नवा डाउनपाइप. बूस्ट (टर्बोनं दिलेला हवेचा जादा दाब) जास्त ठेवायचा तर कमी कॉम्प्रेशनचे फोर्ज्ड पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडही, म्हणजे इंजिन पूर्ण उघडणं. खर्च लाखांत जातो. एवढ्या पैशांत तुमची गाडी विकून त्याच वर्गातली कारखान्याची टर्बो गाडी बहुतेक वेळा घेता येते, आणि ती वॉरंटीसह येते. 'स्वस्तात टर्बो किट' दाखवणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: पिस्टन तेच राहणार का, आणि बूस्ट किती? उत्तर गुळमुळीत असेल तर निघून या.

उलट गाडी मुळातच टर्बो असेल, तर पिस्टन, कूलिंग, इंधनाचा दाब हे सगळं त्या हिशोबानं बनलेलं असतं आणि कंपनीनं वेगवेगळं हवामान, पेट्रोल आणि चालक गृहीत धरून काही वाव राखलेला असतो. 'स्टेज वन' रीमॅप त्या वावाचा काही भाग वापरतो. २० ते ३० टक्के वाढ तिथे शक्य असते, आणि खर्च हजारांत राहतो.

तरीही वाव किती, ते गिअरबॉक्स ठरवतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या सात गिअरच्या, दोन कोरड्या क्लचच्या डीएसजी या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची, म्हणजे डीक्यू२०० ची, मर्यादा २५० न्यूटन-मीटर आहे. व्हर्टस, टायगून, स्लाव्हिया, कुशाक यांच्या १.५ टीएसआय (दीड लिटरच्या टर्बो) इंजिनाचा मूळ टॉर्कच २५० आहे! कागदावर तिथे काहीच शिल्लक नाही. जुन्या पोलो जीटी टीएसआयला तोच गिअरबॉक्स होता आणि टॉर्क १७५, त्यामुळे तिथे वाव दिसतो. रीमॅपची जाहिरात इंजिनाचे आकडे दाखवते. तुम्ही गिअरबॉक्सचा आकडा शोधा.

४. साध्या इंजिनात खरोखर किती मिळतं

नुसत्या रीमॅपनं ५ टक्क्यांच्या आसपास. फिल्टर, चांगला हेडर आणि त्यावर रीमॅप असं सगळं जुळलं तर १० टक्क्यांच्या पुढे जाता येतं. त्याहून जास्त हवं असेल तर कॅमशाफ्ट, हेडचं पोर्टिंग (त्यातल्या हवेच्या वाटा घासून मोकळ्या करणं), कॉम्प्रेशन वाढवणं, म्हणजे हेड उतरवणं आलं. त्यानंतर आयडलिंग खडबडीत होतं, खालचा टॉर्क कमी होतो, आणि रोज हिंजवडीच्या गर्दीत ती गाडी चालवणं नकोसं होतं.

मग एनएवर खर्च का करायचा? कारण पाय दाबला की उशीर न होता, जितका दाबला तितकंच मिळतं, आणि आरपीएमबरोबर ताकद चढत जाते. ज्याला हे आवडतं त्याला टर्बोची दुप्पट ओढही तितकी भावत नाही. मी माझी सेडान साधीच ठेवली ती याच कारणानं.

इथले सापळे सांगतो. बॉनेटखाली उघडा बसवलेला गोल फिल्टर इंजिनाचीच गरम हवा खेचतो, आवाज वाढतो आणि ताकद प्रत्यक्षात घटू शकते. थंड हवेसाठी पाइप बंपरच्या तळाशी नेला, तर जुलैत सबवेमधल्या पाण्यातून जाताना पाणी थेट सिलिंडरमध्ये जातं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन जागेवर बंद पडतं. मुंबई-ठाणे-कोकणात राहणाऱ्यांनी कारखान्यानं दिलेली इनटेकची उंची बदलूच नये. जाड सायलेन्सर हाही तसाच मोह: पाइप गरजेपेक्षा मोठा झाला की वायूंचा वेग मंदावतो आणि खालचा टॉर्क जातो.

५. इंजिनाची तब्येत तपासा

सगळ्या सिलिंडरची कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत असावेत. एखादा सिलिंडर मागे असेल तर लीक-डाउन टेस्टनं कळतं की हवा रिंगांमधून जाते आहे, व्हॉल्व्हमधून की गॅस्केटमधून. कूलंट, रेडिएटरचा पंखा, प्लग, इंजिन माउंट, क्लच घसरतो का, सगळं बघा. दुखणं असलेल्या इंजिनावर रीमॅप केला तर दुखणं लवकर बाहेर येतं आणि दोष ट्यूनरवर जातो.

६. कायदा, विमा आणि वॉरंटी

हा भाग टाळून पुढे जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील उत्पादकानं मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालणार नाहीत असं स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या कलम १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. 'सगळेच करतात' हे उत्तर आरटीओपुढे चालत नाही. काम ठरवण्याआधी तुमच्या आरटीओत जाऊन विचारा.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग) काढून सरळ पाइप टाकायला कोणी सुचवलं तर नकार द्या. त्यातून मिळणारी ताकद किरकोळ असते, बाहेर पडणारं विष खूप, आणि पीयूसीला अडकता ते वेगळंच.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि उत्तरही लेखी घ्या. न कळवलेला बदल अपघातानंतर सापडला तर दावा नाकारायला कारण मिळतं. वॉरंटीतली गाडी असेल तर ईसीयूची फाइल (रीमॅपमध्ये बदलतात ती) बदललेली कंपनीच्या स्कॅनरला कळू शकते, मूळ फाइल परत टाकली तरीही. वॉरंटी संपेपर्यंत थांबणं, हा माझा सरळ सल्ला. आणि गाडी फक्त ट्रॅकसाठीच बनवायची असेल तर देशातल्या मोटरस्पोर्ट संघटनेचे, एफएमएससीआयचे, नियम वाचा. कोइंबतूरची करी मोटर स्पीडवे आणि चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक हीच त्या गाडीची जागा, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग नव्हे.

७. पेट्रोल कोणतं, ते ट्यूनिंगच्या आधी ठरवा

आता पंपावर मिळणारं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल. त्याच्या मानकानुसार ऑक्टेन किमान ९५ आहे, पूर्वीच्या साध्या पेट्रोलचं ९१ होतं. नॉकिंग रोखायला ही चांगली गोष्ट. पण इथेनॉलला हवा कमी लागते, त्यामुळे १४.७ चं गुणोत्तर ई२० साठी १३.५ च्या आसपास येतं. जुन्या, शुद्ध पेट्रोलच्या हिशोबानं बनवलेली तयार फाइल टाकली, तर पूर्ण थ्रॉटलवर मिश्रण पातळ पडू शकतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी. म्हणून ट्यूनरशी एअर-फ्युएलच्या आकड्यात न बोलता लॅम्डात (प्रत्यक्ष हवा आणि त्या इंधनाला लागणारी हवा यांचं गुणोत्तर) बोला, तो इंधनानुसार बदलत नाही. पूर्ण भारावर साध्या इंजिनाला ०.८८ च्या आसपास आणि टर्बोला ०.८० च्या आसपास लॅम्डा सुरक्षित मानला जातो.

दुसरा सापळा १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर बनवलेल्या मॅपचा. ते पुण्या-मुंबईत निवडक पंपांवर मिळतं. गणपतीला कोकणात गावी निघालात आणि चिपळूणच्या पुढे टाकी रिकामी झाली, तर काय भराल? तुम्ही कायम जे भरू शकता, त्याच पेट्रोलवर ट्यून करून घ्या.

८. ट्यूनरकडे जाताना काय न्यायचं, काय विचारायचं

सोबत ठेवा:

- आरसी, विम्याची पॉलिसी, चालू पीयूसी
- सर्व्हिसची बिलं, कॉम्प्रेशन टेस्टचा कागद
- ओबीडी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं उपकरण (ब्लूटूथवर चालणारा साधाही चालतो) आणि त्यावर घेतलेल्या नोंदी: इनटेक हवेचं तापमान, कूलंटचं तापमान, फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलच्या प्रमाणात करतो ती दुरुस्ती), टर्बो असेल तर बूस्ट
- दुसऱ्या मुद्द्यात लिहिलेला तुमचा कागद

कामाच्या आधी आणि नंतर एकाच डायनोवर, शक्यतो एकाच दिवशी मोजणी करायला सांगा. डायनो चाकांवरची ताकद मोजतो, जाहिरातीतली असते इंजिनाची. मधला फरक साधारण १५ टक्के असतो. आधीची चाकांवरची आणि नंतरची इंजिनाची असे आकडे शेजारी ठेवले की कुठलाही रीमॅप चमत्कारिक दिसतो. नुसतं शिखर बघू नका, २००० ते ४००० च्या मधली रेघ किती वर गेली ते बघा. लॅम्डा आणि नॉकच्या नोंदींची प्रत मागा, मूळ फाइलची प्रतही मागून घ्या. जो हे आनंदानं देतो त्याच्याकडे काम द्या, तो थोडा महाग असला तरी.

९. पैसे कुठल्या क्रमानं खर्च करायचे

टायर आणि ब्रेक आधी. ब्रेकचं ऑइल जुनं झालं की त्यात ओलावा शिरतो. आंबेनळी घाट उतरताना ते उकळलं तर पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. नवं डॉट-४ ऑइल, चांगले पॅड, योग्य टायर, एवढ्यानंच गाडी पूर्वीपेक्षा वेगानं आणि निर्धास्त चालवता येते.

त्यानंतर टर्बो गाडीत: एक पायरी थंड प्लग (ट्यूनरला विचारून), चांगलं सिंथेटिक ऑइल, मग रीमॅप, आणि उन्हात सतत जोरात चालवत असाल तर मोठा इंटरकूलर. ऑइल घेताना डब्यावर एपीआय एसपी लिहिलेलं बघा. लहान, थेट इंजेक्शनच्या टर्बो इंजिनांत कमी आरपीएमवर अचानक होणारं अवेळी ज्वलन आटोक्यात ठेवण्याची चाचणी त्या दर्जात आहे. साध्या गाडीत: प्लग, कॉइल, स्वच्छ थ्रॉटल बॉडी, कारखान्याच्याच डब्यात बसणारा चांगला फिल्टर, मग हेडर, आणि सगळ्यात शेवटी रीमॅप. फाइल आधी बनवून नंतर हेडर लावला तर फाइल पुन्हा करावी लागते आणि पैसे दोनदा जातात.

१०. काम झाल्यावरचे पहिले हजार किलोमीटर

पहिले काही दिवस स्कॅनर लावून चालवा. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक-उणे १० टक्क्यांच्या पलीकडे जाऊन तिथेच राहत असेल तर ट्यूनरकडे परत जा. चेक इंजिन दिवा लुकलुकू लागला तर लगेच पाय सोडा. मिसफायर होतो आहे आणि न जळलेलं पेट्रोल कन्व्हर्टर जाळतं. टर्बो गाडीत ऑइल कंपनीच्या मुदतीआधी बदला. थंड इंजिनावर पूर्ण थ्रॉटल देऊ नका, आणि पाचव्या-सहाव्या गिअरमध्ये १५०० आरपीएमवर पाय तळाशी दाबून ओढायला लावू नका. अवेळी ज्वलन नेमकं तिथेच होतं. घाट जोरात चढून माथ्यावर चहाला थांबलात तर इंजिन लगेच बंद न करता मिनिटभर चालू राहू द्या, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमधलं ऑइल तिथेच भाजणार नाही. हजार किलोमीटर झाले की प्लग काढून बघा. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. पांढुरकं पडलं असेल किंवा त्यावर बारीक चमकते कण दिसत असतील तर गाडी चालवू नका, ते प्लग घेऊन थेट ट्यूनरकडे जा.